पेत्कोवची मान

“तुमचा कारखाना एक दिवस फुटणार आहे का?”

विचारलं उल्का पिंगळेने, पण प्रश्न तिच्या मैत्रिणीचा, केलीचा होता. आदल्या दिवशी डबा खाताना केलीने पैज घातली होती: त्या बल्गेरियन पाहुण्याला भर हॉलमध्ये हे विचारून दाखव, आठवडाभर तुझी हॉकीची बॅग मी वाहीन. त्यावर दुसऱ्या मैत्रिणीने, रश्मीने, तेल ओतलं, “काही नाही विचारणार ती. तिच्या बाबांच्या ऑफिसचाच पाहुणा आहे तो.” झालं! दोन वर्षांपूर्वीची उल्का असती तर खाली मान घालून सँडविच चघळत बसली असती. पण ती उल्का आता लंडनच्या अख्ख्या स्टॅनमोर उपनगरात शोधून सापडली नसती. हॉकीच्या टीममध्ये घेतल्यापासून आणि वादविवादात वरच्या वर्गातल्या मुलांना गार केल्यापासून पोरीला पंख फुटले होते. आता ती हात वर करायची तो असा, की खांद्यातून निसटून छताला लागेल.

साल अठ्ठ्याण्णव, मे महिना. शाळेत ‘युरोप वीक’ चालला होता. कॅन्टीनमध्ये तीन दिवस पास्ता, भिंतीवर झेंडे, आणि बुधवारी दोन पाहुणे. एक बल्गेरियाच्या मदत-प्रकल्पाच्या बाई, गळ्यात रेशमी स्कार्फ. दुसरा पेत्कोव, तपकिरी सूट, हात राठ, डॅन्यूबच्या काठी खताच्या कारखान्यात इंजिनिअर. बाईंनी सांगितलं की बल्गेरियाला युरोपियन युनियनमध्ये यायचंय, त्याआधी युनियनचे हजारो पानांचे कायदे त्यांना आपले करून घ्यायचे आहेत, आणि त्यासाठी कितीतरी आंतरराष्ट्रीय संस्था मदतीला धावल्यात. मग पडद्यावर एक पांढरी, गोल, भलीमोठी टाकी आली. पेत्कोव एवढंच म्हणाला, “अमोनिया.”

तेवढ्यात उल्काचा हात वर गेला आणि प्रश्न सुटला.

हॉलमध्ये खसखस पिकली. बाईसुद्धा हसल्या. पेत्कोव हसला नाही. त्याने उल्काकडे पाहिलं, पाहतच राहिला, आणि मग मान हलवली. खाली, वर. पुन्हा खाली, वर. सावकाश, अगदी विचार करून. शब्द एकही नाही.

“मिस्टर पेत्कोवना म्हणायचंय की,” बाईंनी झटकन माइक घेतला, “सुरक्षिततेचे निकष फार महत्त्वाचे आहेत.” आणि घंटा झाली.

कॉरिडॉरमध्ये केली जवळजवळ नाचत होती. “हो म्हणाला तो! पाहिलंत? चक्क हो म्हणाला!”

“घाल ती बॅग खांद्यावर,” उल्का म्हणाली, “आणि पट्टा नीट धर, नवीन आहे.”

तिघी पोट धरधरून हसल्या. पण घरी जाताना, टेकडीच्या चढावर एकटी असताना, उल्काला ती मान पुन्हा दिसली. फुटणार असं सांगताना माणूस इतका शांत कसा असतो?

घरी बाबा तिच्याआधी आले होते. हेच नवल. शशिधर पिंगळे सरकारच्या कारखाना-सुरक्षा खात्यात इन्स्पेक्टर, त्यांचं घड्याळ म्हणजे साडेसहा. आणि आज साडेचारला टायसकट सोफ्यावर, हातात पत्र, डोळ्यांत दिवाळी. आईसुद्धा क्लिनिक संपवून आलेली. डॉ. अनुराधा पिंगळे हॉस्पिटलात डोळ्यांच्या डॉक्टर होत्या, आणि घरात त्यांच्याइतकं शांत कुणी नव्हतं.

“उल्के, बस,” बाबा म्हणाले. “एखाद्या देशाला युनियनमध्ये यायचं असलं ना, की ते लग्न जमवण्यासारखं असतं. स्थळ उत्तम. पण बघायला येणारे एक नाहीत, चार! युनियनचे लोक येऊन कायदे तपासतात. लंडनची बँक येऊन भिंती ठोकून बघते. जिनिव्हाहून लोक येतात, ते कामगारांची चौकशी करतात. सगळे चहा पितात, अहवाल लिहितात आणि विमानात बसतात. रोज सकाळी उठून त्या टाकीपाशी जाऊन उभा राहील, असा माणूस कुणीच देत नाही.”

“मग?”

“मग आता द्यायचं ठरलंय. तिथल्या इन्स्पेक्टरांना तयार करायचं, त्यांच्याबरोबर राहायचं. दोन वर्षं.”

“कोणाला देणार?”

बाबांनी पत्र पंख्यासारखं हलवलं. “मला!”

उल्काने पत्र ओढून घेतलं. “पेत्कोवच्या कारखान्यात?”

“तिथेच. दीड मैलावर इंजिनिअरांची कॉलनी आहे, तिथे फ्लॅट देतायत. गावाचं नाव मात्र मला अजून म्हणता येत नाही.”

“तो टाकी जुना आहे का?”

“ती टाकी, ती जुनी,” आईने सवयीने दुरुस्त केलं.

“तेच गं! आहे का जुनी?”

“जुनी आहे म्हणून तर जायचं,” बाबा म्हणाले.

पिंगळ्यांच्या घरात एक कायदा होता: मोठा निर्णय तिघांच्या होकाराशिवाय घ्यायचा नाही. कायदा बाबांचाच. उल्का तीन वर्षांची असताना त्यांनी नागपूर सोडून इंग्लंडला यायचं आईला न विचारता ठरवून टाकलं होतं, त्याचं प्रायश्चित्त म्हणून केलेला. सोमवारी सकाळपर्यंत उत्तर कळवायचं होतं.

“माझं मत मी आज देत नाही,” आई म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात गेली. उल्काने पाहिलं, आईने गॅसचं बटण पिळून बघितलं. ते बंदच होतं. तरी तिने पुन्हा पिळलं.

शाळेतल्या त्या मानेबद्दल उल्का बोलली नाही. सांगितलं तर बाबा हसण्यावारी नेतील, याची एक भीती. आणि हसण्यावारी नेणार नाहीत, याची त्याहून मोठी. एरवी तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. आता अख्खी टाकी घेऊन ती फिरत होती.

गुरुवारी लायब्ररीतून तिने जाडजूड ज्ञानकोश काढला. अमोनिया: रंग नाही, वास उग्र, थंड असेल तर ढग होऊन जमिनीलगत सरपटतो. सरपटतो! त्या एका शब्दाने तिची झोप खाल्ली. शुक्रवारी केमिस्ट्रीच्या सरांनी वाफा ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात बाटलीचं बूच जरासं उघडलं, लिटमसचा कागद निळा करून दाखवायला. पुढच्या रांगेत एक झुळूक आली न आली. सगळ्यांनी नाकं धरून “ई!” केलं आणि उल्का खुर्ची पाडून धावत बाहेर गेली. मैदानावर उभी राहून तिने इतके श्वास घेतले की भोवळ आली.

“काय झालं तुला?” मागून रश्मी आली. “चेहरा बघ, दही झालंय नुसतं.”

“बाबा तिकडे जाणारेत. पेत्कोवच्या तिकडे. दोन वर्षं.”

रश्मीने तिची पाठ चोळली. मग म्हणाली, “तू नाही म्हण ना. तुमच्याकडे तो व्होट असतो ना?”

तेच तर. एक ‘नाही’ म्हटलं की बाबा घरी. इतकं सोपं होतं, की त्याचीच भीती वाटावी.

संध्याकाळी आई पालक धूत होती. उल्का तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. घरात एक शब्द होता, जो कुणी उच्चारत नसे. फोटो नाही, गोष्ट नाही. फक्त दर डिसेंबरात एक दिवस आई सुटी घ्यायची आणि दिवसभर कुणाशी बोलायची नाही.

“आई, तू भोपाळला होतीस ना?”

नळ चालूच राहिला. “कोणी सांगितलं?”

“मावशीने. खूप मागे.”

“गॅस सुटल्यावर तिसऱ्या दिवशी नागपुराहून आमची तुकडी गेली.” आई पालकाचं एकेक पान उलटसुलट करत होती. “तू एक वर्षाची होतीस. तुला आजीकडे टाकून गेले. कुठला गॅस, काय औषध, कोणाला धड माहीत नव्हतं. आम्ही फक्त डोळे धूत होतो. रांग संपायचीच नाही. एक बाई मला सारखी विचारायची, रात्र कधी संपणार? दुपारचे बारा वाजले होते.”

उल्काला वाटलं, विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

“एक लक्षात ठेव,” आई म्हणाली. “वाऱ्याच्या पुढे पळायचं नाही. गॅस वाऱ्याबरोबर येतो, तो तुला गाठतोच. वारा कुठून येतो ते बघायचं आणि आडवं पळायचं. तोंडावर ओलं फडकं. हे त्या लोकांना आधी कुणी सांगितलं असतं तर...” तिने नळ बंद केला. “पालक चिरायचाय. सर बाजूला.”

“मग तू बाबांना नाही का म्हणत नाहीस?”

“तू पण म्हटलं नाहीस,” आई म्हणाली.

शनिवारी दुपारी बाबांनी पेत्कोवला जेवायला आणलं. सोमवारी तो मायदेशी परतणार होता. आईने श्रीखंड-पुरीचा बेत केला होता. दही त्यांच्या देशाचं दैवत आहे, असं बाबांनी सांगितलं होतं म्हणून. उल्का समोर बसली. तिची नजर त्याच्या मानेवर, जशी मांजराची उंदराच्या बिळावर.

बाबांना फोन आला म्हणून ते हॉलमध्ये गेले. पेत्कोवने चार पुऱ्या संपवल्या. आईने पाचवी पुढे केली. “मिस्टर पेत्कोव, अजून एक?”

पेत्कोवने जोरात मान हलवली. खाली, वर. आईने वाढली. त्याने खाल्ली. आईने पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा मान हलवली, खाली-वर, जरा जास्तच कळकळीने. पुरी पडली. सातव्या पुरीला त्याच्या कपाळावर घाम आला. आठवीला त्याने पानावर दोन्ही हात पसरले आणि मान अशी हलवली की खुर्ची करकरली.

“भूक बघ बिचाऱ्याची,” आई मराठीत कुजबुजली. “हॉटेलात नीट मिळत नसणार.”

तेवढ्यात बाबा आले आणि दारातच ओरडले, “अगं अनु, थांब! मारतेस काय त्याला! तो नाही म्हणतोय!”

“नाही कुठे? चांगला हो हो करतोय की मघापासून!”

“त्यांच्याकडे उलटं असतं गं! मान वर-खाली म्हणजे नाही, आडवी म्हणजे हो!”

आईच्या हातातली पुरी तशीच राहिली. पेत्कोवने सुस्कारा सोडला. बाबांनी त्याला इंग्लिशमध्ये समजावलं, “मित्रा, तू आडवी मान हलवली असतीस तरी सुटका नव्हती. आमच्याकडे हो म्हटलं तरी वाढतात आणि नाही म्हटलं तरी वाढतात.” पेत्कोव म्हणाला, “आणि तुमची मान, मिस्टर पिंगळे? ती तर आठचा आकडा काढते. ती मला दोन आठवड्यांत वाचता आली नाही.” सगळे हसले.

सगळ्यांत मोठ्याने उल्का हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. उलटं! म्हणजे शाळेतली मान ‘नाही’ होती! तीन दिवस छातीवर बसलेला दगड टुणकन उडी मारून गेला. ती उठून म्हणालीच, “मिस्टर पेत्कोव, म्हणजे माझ्या शाळेत तुम्ही नाही म्हणालात! तुमचा कारखाना फुटणार नाही!”

बाबांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. पेत्कोवचं हसू विझलं. त्याने चमचा खाली ठेवला.

“इथे आलो त्या दिवशी तुझ्या वडिलांनी आम्हाला एक कागद दिला,” तो त्याच्या तुटक इंग्लिशमध्ये म्हणाला. “लिहिलं होतं, इंग्लंडमध्ये खाली-वर म्हणजे हो. मी आरशासमोर सराव केला. इथे, तुमच्या टेबलावर, जेवण छान, मी विसरलो. शाळेत नव्हतो विसरलो. शाळेत मी फार काळजीपूर्वक होतो.”

बाहेर कुणीतरी गवत कापत होतं. ते यंत्र थांबलं, तेव्हा ते इतका वेळ चालू होतं हे उल्काला कळलं.

“म्हणजे हो,” ती म्हणाली.

“कोणी आलं नाही तर, हो. आज नाही, उद्या नाही. पण हो. टाकीचं पोलाद काही ठिकाणी माझ्या नखाएवढं उरलंय. मी अहवालात लिहिलं. साहेब म्हणाले, आत्ता युनियनचे लोक बघायला येतायत, आत्ता नको. बाई म्हणाल्या, शाळेत नको.” त्याने उल्काकडे पाहिलं. “पहिल्यांदा कोणी मला सरळ विचारलं. एका मुलीने. तुझ्याएवढी माझी मुलगी आहे. तिच्याशी मी खोटं बोलतो. तुझ्याशी नाही बोलता आलं.”

 उल्काने ते थट्टा म्हणून विचारलं होतं. एका हॉकीच्या बॅगेसाठी.

“तिची शाळा कुठे आहे?” आईने विचारलं.

सगळे वळले. आईचा तो आवाज उल्काने कधी ऐकला नव्हता. धारदार, हॉस्पिटलातला असावा तसा.

“कारखान्याच्या पूर्वेला. एक किलोमीटर.”

“आणि वारा?”

“पश्चिमेकडून. वर्षातले आठ महिने.”

आईने फोनजवळचं एक जुनं पाकीट ओढलं, पेन्सिल घेतली. गावात हॉस्पिटल किती खाटांचं? ऑक्सिजन किती जणांना देता येतो? डोळे धुवायला वाहतं पाणी कुठे आहे? भोंगा झाला तर कुठे पळायचं हे मुलांना शिकवलंय का? डोळ्यांचा डॉक्टर आहे? पेत्कोव उत्तर देत होता आणि जवळजवळ प्रत्येक उत्तर एकच होतं. आता तो मान हलवत नव्हता, शब्दात सांगत होता. नाही. नाही. आठ मास्क आहेत, साहेबांच्या कपाटात. नाही.

पाकीट दोन्ही बाजूंनी भरलं. आईने ते वाचलं, घडी घातली, आणि पुन्हा उलगडून वाचलं.

“अनु,” बाबा हळूच मराठीत म्हणाले, “प्रकल्पात वैद्यकीय सल्लागाराची एक जागा आहे. अजून कोणी मिळालेलं नाही. तुला मी मुद्दामच नव्हतं सांगितलं.”

“आणि सांगूही नका,” आई म्हणाली. “हिची पुढच्या वर्षी जीसीएसईची बोर्डाची परीक्षा आहे. मी कुठे जाणार? एकदा हिला टाकून गेले होते, तेवढं पुरे.” तिने पाकीट श्रीखंडाच्या भांड्याखाली सारलं आणि पानं उचलायला लागली. बशा एकमेकींवर वाजत होत्या. 

आणि उल्काला एकदम कळलं की आई बाबांना ‘नाही’ का म्हणत नाही. आईला भीती बाबांच्या जाण्याची नव्हती. आपण इथे स्टॅनमोरात पालक निवडत बसू आणि तिकडे पुन्हा डोळ्यांची रांग लागेल, कुणाला काही माहीत नसेल, ही ती भीती होती. आणि त्या भीतीच्या दाराला कडी होती ती उल्काची.

पाचच्या सुमारास पेत्कोवला स्टेशनवर सोडायला तिघंही निघाले. स्टेशनच्या दारात त्याने आईला वाकून नमस्कार केला, बाबांचा हात दोन्ही हातांनी धरला. उल्काला म्हणाला, “तू प्रश्न विचारत जा.” मग जिन्यावरून खाली गेला, सूटचा मागचा भाग चुरगळलेला, आणि ट्रेनच्या दिशेने दिसेनासा झाला.

सगळे गाडीत बसले. बाबांनी किल्ली फिरवली नाही. “मी नाही कळवतो,” ते शेवटी म्हणाले. काचेतून समोर बघत होते. “पोरीचा चेहरा बघवत नाही. तीन दिवस ही जेवलेली नाही, मी काय आंधळा आहे? जाईल दुसरा कोणीतरी.”

“दुसरा कोण?” आईने विचारलं.

बाबांनी किल्लीला हात घातला.

मागच्या सीटवर उल्काने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. आत्ता नुसतं गप्प बसलं तरी पुरे होतं. बाबा घरी, आई घरी, सोमवारी हॉकी. तिच्या डोळ्यांपुढे ढग सरपटत होता, दीड मैलावरच्या एका फ्लॅटच्या दाराखालून आत येत होता. तिला ओरडून रडावंसं वाटत होतं. 

“बाबा, गाडी सुरू नका करू,” ती म्हणाली. “मला सांगायचंय. माझा व्होट अजून राहिलाय.”

दोघं मागे वळले.

“तुम्ही सोमवारी हो कळवा. आणि फक्त तुमच्यासाठी नाही, आईसाठी पण. तो मेडिकलचा जॉब तिने घ्यायचा. मी रश्मीकडे राहणार, एजवेअरला, जीसीएसई होईपर्यंत. तिच्या मम्मीला मी अजून विचारलं नाहीये, पण उद्या विचारणार. आई, तू मला टाकून नाही जात आहेस. मी पाठवतेय तुला. कळलं? मला इतकी भीती वाटतेय ना, की पोटात दुखतंय. तुम्ही दोघं तिथे असाल तेव्हा रोज वाटणार. तरी माझं हो आहे. दोघांनाही.”